जडवस्तू नोंदवही, पान एकोणीस

परतवाड्याहून सकाळची एसटी, पुढे खात्याची जीप,
आणि आता सेमाडोहच्या आतलं हे विश्रामगृह,
टेबलावर फडकं, फडक्यावर चमचे.
नोंदवही म्हणते : चमचे, चांदीचे, नग अठ्ठेचाळीस.
शाई तपकिरी. सही कोणा गोऱ्या साहेबाची,
नाव लागत नाही, शेपूट तेवढं लांब.

मोजले. त्रेचाळीस.
सोमा कासदेकर दाराशी उभा, बसा म्हटलं तरी बसत नाही.
खानसामा. त्याच्याआधी त्याचा बाप खानसामा.
"तेवढेच हायेत बाई. पाचाचे पैसे बापानं भरले.
सात वर्सं पगारातून कटले. चांदीच्या भावानं."

माझा मामा सराफ होता.
त्याचं भिंग मी पर्समध्ये ठेवते, सेफ्टी पिनांशेजारी.
तो सांगायचा, विलायती चांदीवर सिंह चालतो, एक पाय उचलून.
सिंह नसला तर अक्षरं वाच.
अक्षरं वेगवेगळ्या चौकटीत बसलेली असली,
खऱ्या शिक्क्यासारखी नटूनथटून,
तर खिशातून हात काढू नको.

चमचा उपडा करते. दांडीची मागची बाजू
राखेनं आणि चिंचेनं घासून घासून गुळगुळीत.
खिडकीशी नेते, तिरपा धरते.
आधी दिसते एक घंटा, तिळाएवढी.
मग कारखानदाराची दोन अक्षरं, दुसरं अर्धंच.
मग चार ढाली ओळीनं :
ई. पी. एन. एस.
सिंह नाही.
दुसऱ्यावर नाही. अकराव्यावर, सव्विसाव्यावर नाही.
त्रेचाळीस घंटा, एकही वाजत नाही.

विजेनं चढवलेला मुलामा. आत निकेल, तांबं, जस्त.
टोकाशी, डावीकडे, जिथं उजव्या हातांनी बशी खरवडली,
तिथं मुलामा उडून पिवळट अंग उघडं पडलंय.

सोमाला सांगते. सांगून झाल्यावर वाटतं,
जेवणानंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं.
तो भिंग मागतो. उलटं धरतो. मी सरळ करून देते.
"हे घंटी मले ठाव हाये. अंधारात बोटाले लागते."
मग बऱ्याच वेळानं :
"बापानं इचारलं होतं साहेबाले,
चांदी तं काळी पडते, हे पिवळी काऊन पडते.
साहेब हासला म्हणे."

तो मागच्या खोल्यांकडे जातो.
येतो तेव्हा हातात लुगड्याची चिंधी, चिंधीत एक चमचा.
चुलीखालची फरशी उखडली तेव्हा सापडला,
बाप जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली.
"जमा करू का?"

भिंगाखाली तीच घंटा, त्याच चार ढाली.
पण याची झीज उजवीकडे.
मी विचारते, घरात डावखुरं कोण?
पहिल्यांदाच तो खुर्चीच्या कडेला टेकतो.
"नात. दुसऱ्या चमच्यानं खातच नाही जी पोरगी."

मी पेनाचं टोपण काढते.
"चांदीचे" वर एक रेघ, शेजारी : निकेल, मुलामा दिलेले.
आद्याक्षरी, तारीख.
प्रत्यक्ष शिल्लक : त्रेचाळीस.
शेरा : उर्वरित पाच नगांची वसुली पूर्ण,
आणि जास्त, असं लिहायला रकान्यात जागा होती,
ती तशीच ठेवली.

चिंधीची गाठ त्यानं दातांनी आवळली.
जीप चारला येणार होती, साडेपाचला आली.