अकरा

क्रोमरला जायचं म्हणजे आधी पिशवी:
सनक्रीम आणि रेनकोट, दोन्ही,
हो, एकाच दिवसासाठी;
वाळूत रोवायचा कापडी आडोसा, टॉवेल,
आणि आईसाठी मफलर,
जून असला तरी.

नॉरिचहून पाऊण तासाची गाडी.
उतरलो तर वारा असा
की पदर पुढे, आई मागे.

बघण्यासारखं सगळं बघितलं.
चर्चच्या बुरुजाच्या पायऱ्या मी एकटीच चढले.
वरून आई दिसली, बाकावर, मुगाच्या दाण्याएवढी,
शेजारच्या बाईला काहीतरी देताना.
लाडूच असणार.
मग कड्यावरून दीपगृहापर्यंत चाललो,
गोल्फवाल्यांनी हात केला, आम्हीही केला.
आई म्हणाली, एवढी जागा
आणि एक माड नाही.

खाली रंगीत लाकडी खोल्यांची रांग,
एकेकीत एकेक कुटुंब, एकेक किटली.
समुद्राकडे तोंड करून सगळे नुसते बसलेले.
आईला हे फार आवडलं.
साठ वर्षं वेंगुर्ल्यात काढली, म्हणाली,
पण समुद्राक बघूक म्हणून
कधी बसलंय नाय.

धक्क्यावर पोरं ओणवी होऊन
दोऱ्या सोडत होती.
दोन पौंडांत दोरी, जाळीची पिशवी, बादली,
आणि वर बेकनची पट्टी.
आई बांगडा खाते, तिसऱ्या खाते,
पण ती पट्टी पिशवीत भरताना
तिनं तोंड क्षितिजाकडे फिरवलं.

शेजारी फ्रेडी, वय सात, पुढचे दोन दात गायब.
त्यानं इंग्रजीत शिकवलं.
तिनं मालवणीत सुधारलं.
दोरी ताणायची नाही, नुसती ऐकायची, असं काहीसं;
मला दोघांचंही अर्धंच कळलं,
त्या दोघांना पूर्ण.

पहिला आला. दुसरा.
मग आईच्या मनगटाला खाडी आठवली,
टेंभ्याचा उजेड, चिखलातलं बीळ,
मागून पाठ दाबून उचलायची ती चिमूट.
लोक जमले. फ्रेडीचा आजोबा केनेथ
चिप्सचा कागद हातात धरून
चिप्स विसरला.
अकरा.
आईनं बादलीत डोकावून हिशेब केला:
चार रश्शाला,
उरलेले सुके.

मी फलक वाचून दाखवला.
सोडायचे?
सगळे?
मग धरलंव कित्याक?
फ्रेडीला विचारलं.
तो म्हणाला, मोजायला.

आईनं ते उत्तर
बराच वेळ तोंडात घोळवलं,
काटा असलेल्या घासासारखं.

बादलीत एकावर एक चढत होते,
वरचा काठाशी पोचला की खालचा त्याचा पाय पकडी.
मी सवयीनं ती जुनी गोष्ट काढली,
मराठी खेकडे, झाकण लागत नाही, वगैरे;
ऑफिसात मीच सांगते, सगळे हसतात.
आई हसली नाही.
ते वडनत नाय गो, म्हणाली.
धरतत.
निसटत्या जाग्यार
गावला तां धरूचाच लागता.

तिचा व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे.
हे मी तेव्हा का मोजलं, माहीत नाही.

ओहोटी होती. आम्ही धक्क्यावरून खाली आलो,
गोट्यांवरून, चपला हातात,
तिनं साडी खोचली
आणि त्या गार, पातळ दुधाच्या चहासारख्या पाण्यात
पोटरीपर्यंत गेली.
बादली आडवी केली.
दहा गेले, तिरके, मागे न बघता.
अकरावा कडीला लटकलेला.
तिनं ओढला नाही.
ओणवी उभी राहिली,
लाट येईपर्यंत,
मग आणखी एक येईपर्यंत.

फ्रेडीनं वहीत नोंद केली.
नाव विचारलं. सत्यवती, ती म्हणाली, दोनदा.
त्यानं पेन्सिल चावली आणि लिहिलं: सॅटी, ११.
अडुसष्टाव्या वर्षी मिळालेलं टोपणनाव.

परतीच्या गाडीत
ती बोटांचा वास घेत होती.
तीनदा धुतलंय, जाणा नाय गो.
मी ओला टिश्यू काढून दिला.
तिनं तो घेतला,
नीट घडी करून पर्समध्ये ठेवला,
आणि खिडकीकडे वळून
पुन्हा हुंगलं.