धावदोरा

मेडिकलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुकडा तपासायला पाठवलाय, गुरुवारी या.
मी मान हलवली.
तुकडा हा शब्द मला नवा नाही.
पाचपावलीतल्या या दोन खोल्यांत
छत्तीस वर्षं मी तुकडेच सांभाळलेत,
लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांसोबत,
कधीतरी होतील म्हणून.

आज पेटी ओढली पलंगाखालून.
यांचा मोतीबाग वर्कशॉपचा निळा शर्ट,
खिशाजवळ ग्रीसचा डाग, कितीही धुतला तरी.
उत्पलाचा शाळेचा चौकडीचा फ्रॉक,
ती उंच होत गेली तशी तीनदा उसवलेली दुमड.
आईचं लुगडं. नाकाशी धरलं की अजून
तेंदूपानाचा वास येतो,
की मलाच वाटतं.
आणि ती पांढरी साडी,
दीक्षाभूमीवर नेसून जायचे ती.
तिच्यावर कात्री थांबली.
मग कापली. आतल्या बाजूला लावली,
अंगाला लागेल अशी.

सुई ओवायला हल्ली तीनदा दोरा ओठांत धरावा लागतो.
धावदोरा तसा अवघड नसतो.
खाली जा, वर ये.
विहारात रविवारी भन्तेजी सांगतात,
श्वास आत, श्वास बाहेर, नुसतं पाहा.
तिथे माझे गुडघे दुखतात, मन बाजारात जातं.
इथे चटईवर, सुईच्या टोकाशी
गुपचूप बसून राहतं.
एखाद्या टाक्याला मात्र
हात आपोआप गळ्याशी जातो.
गाठ आहे तिथंच आहे. हरभऱ्याएवढी.
हात खाली. सुई खाली. वर.

आमच्यात नवस नाही.
मागणं माझ्या बापानं आमच्या लहानपणीच बंद केलं घरातून.
बरंच आहे, देण्याघेण्याचा हिशेब नाही.
पण रात्री दोनला रुळांवर
मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळतात, तेव्हा
कुणाला तरी हाक मारावीशी वाटते,
खोटं कशाला बोलू.
उठून दिवा लावते.
मूर्तीचे डोळे अर्धे मिटलेले,
ते काही कबूल करत नाहीत.
बसते तशीच. पाय गार पडतात.
मग लक्षात येतं, भीती गेली नाही,
पण तीही बसलीय, शेजारी, मांडी घालून.

रुखमाबाई पराते सांभार निवडायला आली.
"कोराडीच्या जगदंबेला बोलून आली तुह्यासाठी,
पाच नारळ. राग नोको येऊ देजो वो."
"नारळ तू फोडजो," म्हटलं, "खोबरं मी खाईन."
हसली. मग पदराखालून काढली
तिच्या सासऱ्याच्या मागावरची रेशमी किनार, वीतभर.
"हे बी लाव कुठं तरी."
लावली. डोक्याकडच्या कोपऱ्याला.

गुरुवारी खिडकीतला पोरगा म्हणाला,
रिपोर्ट झाला नाही, सोमवारी या.
हे चिडले. तीन तास रांगेत उभे होते.
मला मात्र जुन्या पर्समध्ये नोट सापडावी
तसे चार दिवस सापडले.
येताना गांधीबागेत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं.

घरी येऊन भात टाकला.
यांनी न सांगता वांगी चिरली, जाडजाड.
उत्पलाचा फोन हैदराबादहून,
"काय करून राहिली, आई?"
"टाके घालून राहिली."
पलीकडे एकदम शांत.
"गोधडीला गं."
मग दोघी हसलो, जरा जास्तच वेळ.

मेडिकलच्या कुठल्याशा मजल्यावर
काचेखाली माझा तुकडा असेल.
कुणी परकं माणूस डोळा बारीक करून पाहत असेल,
मी कापड उजेडात धरून पाहते तसं,
कुठे विरलंय, किती टिकेल.
त्याचं जेवण वेळेवर होवो.
त्याला घरी कुणी वाट पाहणारं असो.

हे अर्ध्या गोधडीवरच पाय पसरून झोपलेत.
उठवत नाही.
पायांना वळसा घालून
शिवत जाते.