शंभराला एक

उद्यमनगरात, कुरण्यांच्या पॅटर्न शॉपमध्ये
मी सागवान तासते.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून साचा मापापेक्षा मोठा करायचा,
शंभराला एक.
एकवीस वर्षांत एवढंच शिकले,
आणि बोटं शाबूत ठेवायला.

परवा माळ्यावरनं वही निघाली. नववी ब.
मागच्या पानापासून सुरू केलेली,
भूमितीच्या सरांना दिसू नये म्हणून.
रंकाळ्याच्या पाण्याखालचं राज्य, नाव झुंबारगड.
राजाला तीन डोळे. राणीला नाव नाही.
राक्षस बारा, सगळे दुष्ट,
का ते लिहिलेलं नाही.
सैनिक पंधरा हजार
आणि शेत एकही नाही.

हसले. झाकपाक केली.
मग ओट्यावरच वही उघडून
पेन्सिलीला टोक काढलं.

पहिला प्रश्न मिठाचा.
तळ्याचं पाणी गोडं, समुद्र चार घाट पलीकडं.
म्हणून रडणं साठवायची रीत पडली:
घरटी एक मडकं,
लग्नात पोरीबरोबर जातं,
सासू झाकण काढून चव बघते.
मग मापं आली. मडकं फुटलं तर दंड किती, ते आलं.
मग चोर आले.
चोर आल्याशिवाय राज्य उभं राहत नाही,
हे नववीत कुणी सांगितलं नव्हतं.

वरनं म्हशी पाण्यात उतरतात.
खालनं बघा: चार पायांचे काळे ढग.
त्यांचं पंचांग त्यावरच चालतं,
म्हशी आल्या की दिवस, गेल्या की दिवेलागण.
आणि वर्षातनं एकदा आभाळातनं देव येतात,
हळूहळू, तोंड वर करून,
आणि कुणी काही मागायच्या आत विरघळतात.
म्हणून तिथल्या गाभाऱ्यांत मूर्ती नाही.
रंगीत गाळ आहे. त्यालाच हात जोडतात.

राक्षसांवर दोन रात्री गेल्या.
आता ते पाथरवट आहेत,
पाणी यायच्या आधीपासनं खाणीत उतरलेले.
काम संपलं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.
अजून घाव घालतात. मजुरी थकलीय.
निळी तलवार मी राजाच्या हातातनं काढून घेतली,
वितळवून त्यांच्या छिन्न्या केल्या.
राजा बिनतलवारीचा बरा दिसतो.
तिसऱ्या डोळ्याचं काय करू, कळत नाही.

नदीपाशी येऊन अडले.
बाण उलटा काढलाय, तळ्याकडनं डोंगराकडं.
शेजारी दिलशाद मुजावरचं तिरकं अक्षर:
"येडे, नदी चढाला कशी जाईल?"
खाली माझं, लाल शाईत: "जाते."
दहावीला तिचं घर मिरजेला गेलं.
वाद तिथंच राहिला.

खोडरबर घेतला. बाण निम्मा पुसला.
मग हात थांबला.
जाऊ दे की चढाला.
पण मग पूर कुठं येणार? माथ्यावर.
म्हणजे पैसेवाले खाली, सखल भागात, वाडे बांधून,
आणि ज्यांना जागा मिळाली नाही
ते वर, टेकडीवर,
दर आषाढात भांडी बांधून बसलेले.
पंचगंगा आमच्या गल्लीत शिरली त्या साली
कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं.
पाणी आधी कुणाकडं जातं
याला बाणाची गरज नसते.
पुसलेला निम्मा बाण परत काढला, ठळक.

आज कुरण्यांना विचारून
आकसणीची पट्टी घरी आणलीय,
जिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्याहून जरा लांब असतो.
नकाशा नव्यानं काढतेय, त्याच पट्टीनं.
डोक्यात आहे तोवर गरम आहे,
कागदावर निवेल तसं आकसणारच.
वहीचं पान पुरलं नाही,
डिंकानं एक जोडलंय.

जोडलेल्या पानावर काही नाही.
नदी तिथंवर जाते एवढंच माहीत आहे.
मिरजेच्या मुजावरांचा नंबर कुणाकडं असला तर द्या,
तिला सांगायचंय,
जाते.