बेरीज घरच्या घरी

सलमाबादच्या आमच्या खोलीत सहा पलंग, तिनांवर तीन.
माझ्या वर केरबा शिंगटे, गडहिंग्लजकडचा.
उतरताना आधी पाय दिसतो, मग केरबा.
हल्ली पाय सुजलेला दिसतो.

मी रात्रपाळीला यंत्रं राखतो.
मुहर्रक, रिफा, ईसा टाऊन : तीन दवाखाने,
एकमेकांना कागद दाखवायची बंदी,
आणि तिघांनी मिळून शिकायचंय
उन्हात राबणाऱ्यांतली कुणाची मूत्रपिंडं आधी दमतात.

म्हणून प्रत्येक आकडा आम्ही फोडतो.
समजा, एकशे चाळीस.
पहिल्या यंत्राला नऊशे दोन, दुसऱ्याला सत्तावीस,
तिसऱ्याला दोनशे अकरा.
हजार भरले की पुन्हा शून्यापासून, घड्याळासारखं.
यातला एक तुकडा कितीही उजेडात धरा,
त्यात माणूस नाही. नुसती खरखर.

बेरीज सोपी. ज्यानं त्यानं घरच्या घरी करावी.
गुणाकाराला मात्र भेटावं लागतं,
निरोप न्या, निरोप आणा, त्यातच रात्र सरते.
मग युक्ती काढली :
दुपारी यंत्रं रिकामी असताना मुखवटे घडवून ठेवायचे,
लग्नघरी आदल्या दिवशी खोबरं किसून ठेवतात तसे.
नऊ तासांचं काम चाळीस मिनिटांवर आलं.
साहेबांनी बिर्याणी मागवली.

केरबाला सांगितलं. त्यानं विचारलं,
"म्हंजे कंपनीला कळत न्हाई?"
नाही.
"आणि तुला?"
मलाही नाही.
"बेस हाय," म्हणाला, कूस बदलली.
वरून थोडा गंज पडला.

बायकोला तो फोनवर सांगतो, यंदा ऊन लई हाय.
भावाला, या महिन्यात पैसे कमी येतील, इचारू नको.
मला म्हणाला, बूट आवळतात, तुझी चप्पल दे.

पण खोली एकच, आणि मधला पडदा चादरीचा.
तिन्ही तुकडे माझ्याच कानावर पडले.
बेरीज मी केली नाही. झाली.

आमच्या कामात याला फितुरी म्हणतात.

पहाटे परतलो तेव्हा चप्पल दाराशी होती,
पट्टा शेवटच्या भोकात.
केरबा, ऊठ, म्हटलं, दवाखान्यात जाऊ.
तो पडल्या पडल्याच म्हणाला,
"कुणी सांगितलं?"

मी चप्पल उचलली, त्याच्या पायात सारून बघितली.
गेली नाही.