वजन

बेथेलच्या धावपट्टीलगत पत्र्याची खोली.
तिथला काटा पूर्वी माशांचा होता.
आता त्यावर मी माणसं चढवते,
बूट, कोट, पिशवीसकट.
कुणी लाजतं, कुणी श्वास रोखून पोट आत घेतं,
जणू काट्याला लाच चालते.

दाढ काढून परत निघालेला वासिली.
त्याची भाची, तिच्या कोटात झोपलेलं बाळ.
शाळेतला नवा मास्तर, केकचा खोका सांभाळत.
आणि ॲग्नेस निकोलाय, हातात सामनचा मोठा डबा.
तिच्या भावाला आज दुपारी पुरायचंय,
नदीच्या वरच्या अंगाला, चाळीस मैलांवर.
एकशे एकाहत्तर पौंड, डब्यासह.
मी बेरीज करते.
परत करते, खालून वर.

मग बाहेर जाऊन हातमोजा काढते,
पंखावर तळवा टेकवते,
पोराचा ताप बघावा तसा.
खरखर. काचकागदाएवढीच.
दोर धरून पंख घासून काढते,
दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत
पहिल्या टोकाला पुन्हा हिव धरलेलं.
नदीही दिसेनाशी झालीय.

आत येऊन म्हणते, आज नाही.

"डेल गेला असता, डोरीन."
गेला असता. खरंय.
डेल नेहमी जायचा,
आता अँकरेजला गाड्या विकतो,
एक ओरखडा नाही अंगावर.

"तिकीट काढलंय मी."
पैसे परत मिळतील, मी म्हणते,
आणि माझ्याच कानांना ते हलकं लागतं.
पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात.
पण ती काट्यावरून उतरते तेव्हा
तिचे एकशे एकाहत्तर पौंड
माझ्या वहीत येतात, माझ्या अक्षरात,
तिथून ते दुसऱ्या कुणाकडे ढकलता येत नाहीत.
माझ्या 'नाही'ला वजन किती,
ते मात्र काटा सांगत नाही.

साडेतीनला दुसऱ्या कंपनीचं विमान वरून गेलं.
आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.
वीस मिनिटांनी रेडिओवर आवाज आला: उतरलो.
सुखरूप.
ॲग्नेसनं माझ्याकडे बघितलं नाही.
मास्तरानं केक कापला, कागदाच्या बशीत वाढला.
बाळाच्या आईनं खाल्ला.

सकाळी आकाश धुतल्यासारखं.
पंख कोरडा. तरी हात फिरवला.
ॲग्नेस काट्यावर चढली, न बोलता.
एकशे साठ.
डबा नव्हता.
मी आकडा लिहिला,
आणि खालून वर बेरीज केली.