शेरा

लातूरकडून आणला हा दिवाण, कारवानी जातीचा,
जीपच्या मागच्या सीटवर, पायांत तोंड खुपसून.
प्रतापनगरात उतरला तेव्हा
शेजारच्या ढोबळेबाई म्हणाल्या,
‘काऊन वं, याले उपाशी ठेवते काय तू?’
बरगड्या मोजून घ्याव्यात अशा,
कंबर सुतळीएवढी,
आणि चेहरा, निकाल आधीच ठरवून आलेल्या माणसाचा.

मी एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात लघुलेखिका.
दुसऱ्यांचे हुकूम टंकले.
‘सबब, आदेश देण्यात येतो की’
एवढं कागदावर उमटलं की माणसं घरं रिकामी करत,
पोरं बापाकडून आईकडे जात,
एकदा तर म्हैससुद्धा गेली
या गोठ्यातून त्या गोठ्यात, निमूट.
माझा स्वतःचा असा हुकूम कधी नव्हताच.
पहिला तो हाच:
बस.

दिवाण उभा.

गजभिये सर, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त,
रविवारी मैदानावर वर्ग घ्यायचे.
लॅब्रेडॉर बसली. कुण्या डॉक्टरांचा पामेरियन बसला.
बघायला आलेला एकाचा नातूही बसला.
दिवाण पाण्याच्या टाकीपलीकडे
उडणाऱ्या पिशवीकडे बघत होता,
ससा समजून नव्हे,
ससा नाही याची खात्री करून घेत.

‘सिट’ म्हणून पाहिलं. ‘बैठ’ म्हणून पाहिलं.
‘बस ना बे’ म्हटलं, तिथे या शहराच्या भाषा संपल्या.
बिस्किट पुढे केलं तर त्याला माझी कीव आली.
सरांनी वहीत शेरा मारला:
ऐकतो. मान्य करत नाही.

एप्रिल लागला होता. एका रविवारी परतायला उशीर झाला.
साडेदहा. नवा सिमेंटचा रस्ता,
डोळ्यांत घुसणारा पांढरा.
चौकात मी म्हटलं, थांब. बस.
त्यानं पट्टा ताणला आणि मला फरफटत
पानठेल्याच्या सावलीत नेलं.
माझी एक चप्पल रस्त्यातच राहिली.
पानठेलेवाला सुपारी कातरत म्हणाला,
‘तुमीच त्याचं ऐकून राहिल्या, मॅडम.’

राग आला, खराखुरा. कुणाकुणाचा होता कोण जाणे.
हात उचलला होता मी.
आधी चप्पल आणू म्हटलं,
आणि उघडा पाय रस्त्यावर टेकला.

दोन पावलं.
तिसरं टाकलंच नाही.

या रस्त्यावर मी त्याला बस म्हणत होते.
गुरुवारीही म्हटलं होतं, बँकेसमोर.
त्याआधीही. एकतर्फी,
प्रतिवादीचं म्हणणं न ऐकता.

रात्री बादलीत गार पाणी घेऊन त्याचे तळवे धुतले.
मागच्या डाव्या पायाला फोड, बदामाएवढा,
फुटून वाळलेला. जुना.
खोबरेल लावताना तो भिंतीकडे बघत राहिला,
मी साक्ष खोडून काढत असल्यासारखा.

आता आम्ही पहाटे पाचला निघतो.
कडुनिंबाखाली, गवतावर, थंडाव्यात मी म्हणते, बस.
आता तर हरकत घ्यायला जागाच नाही.
दिवाण उभा.
मुंग्या असतील, दव असेल,
कुठे फटाका वाजला असेल.
मी वाकून गवत चाचपते. काहीच नाही.
‘काही केसेसमधे कारण नसते, मॅडम,’
गजभिये सर थर्मासचं झाकण फिरवत म्हणतात.

रात्री कूलर घरघरतो, वाळ्याचा ओला वास सुटतो.
मी खुर्चीत कोडं सोडवत असते, आडवं नऊ अडलेलं.
तो येतो. स्वतःभोवती अडीच फेऱ्या मारतो
आणि बसतो,
कुणी न सांगता, बरोब्बर माझ्या पावलांवर.
आत गॅसवर दूध चढतंय, ऐकू येतंय.

‘ऊठ,’ मी म्हणते.

एक डोळा उघडतो.
पुढची तारीख पडते.