अक्षरामागे चाळीस रुपये

मी दगडावर नावं कोरतो. कसाल रस्त्याला,
पेट्रोलपंपाच्या अलीकडे माझं दुकान.
देवळाच्या देणगीदारांची नावं, वारलेल्यांची,
आणि सरकारची.
अक्षरामागे चाळीस रुपये. काना-मात्रा फुकट, अनुस्वार फुकट.
जोडाक्षराचे मात्र दोन धरतो.

मथुरा दत्ताराम कोयंडे.
पहिल्यांदा कोरलं तेव्हा अक्षर चार रुपयांना होतं,
अकरा अक्षरांचे चव्वेचाळीस.
वाडीतल्या विहिरीचा कठडा. सदस्य, ग्रामपंचायत.
सर्वांत खालची ओळ, कंत्राटदाराच्याही खाली.
दगड बघायला ती स्वतः आली,
काखेत रिकामी पाटी, बांगड्यांना पेडव्यांचे खवले.
म्हणाली, "मेस्त्रीनू, नाव बारीक असांदे.
पाणी गोडा लागला काय, तां सांगा."

पाणी मचूळ लागलं. तिने दुसरी विहीर खणायला लावली.
त्या विहिरीला दगडच नाही.

राजकारण मला पेपरातून कळलं नाही,
इंचांतून कळलं.
सभापती झाली तेव्हा अर्धा इंच, मधली ओळ.
आमदार झाली तेव्हा पाऊण, आणि वरून दुसरी.
त्या निवडणुकीत तिने रापणीची दोरी हातात धरून
सगळ्या किनाऱ्यासमोर सांगितलेलं:
पर्ससीनवाला बारा वावांच्या आत दिसला
तर आधी माझी होडी आडवी.
दोरी ओली होती. मी तिथे होतो.

मग दीड इंच. काळा ग्रॅनाइट, सोनेरी रंग.
नावाआधी मा., ना., श्रीमती;
नावाखाली राज्यमंत्री, मत्स्यव्यवसाय.
त्यातला त्स्य कोरताना टवका उडतोच.
दोन दगड फुकट गेले. खातंच तसलं.

बर्फाच्या कारखान्याला नाव लागलं, लिलावाच्या शेडला लागलं,
मासळी विकणाऱ्या बायकांच्या संडासाला लागलं,
तेवढ्या एका दगडाचे पैसे तिने पदरचे दिले.
आणि रात्री समुद्रात पर्ससीनचे दिवे
गाव वसल्यासारखे, अगदी जवळ.
एका शनिवारी रापणकरांनी तिची गाडी अडवली.
ती उतरली. दोन तास उन्हात उभी राहिली.
फाईल मुंबईत आहे, म्हणाली,
मालवणीत म्हणाली, तरी कुणाला पटलं नाही.
तिने सही केली म्हणतात. केली नाही म्हणतात.
मी सही कोरत नाही, फक्त नाव.

शेवटचा दगड तिच्याच वाडीच्या जेटीचा.
टेम्पोत चढवला होता, दोऱ्या बांधून झाल्या होत्या,
दुपारी चारला आचारसंहिता लागली.
उतरवला.
सहाशे अकरा मतांनी पडली.
घरासमोरच्या शाळेतल्या बूथवर तिला अडतीस.

कंत्राटदाराने फोन उचलणं बंद केलं.
बायकोने दगड पालथा घातला, मागच्या दारी,
त्यावर मासे कापू लागली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती आली. रिक्षाने, एकटी.
पिशवीतून वही काढली: "तुमचे किती रवले?"
वहीत माझं नाव होतं. माझ्याआधी सतरा जणांची,
काहींवर रेघ मारलेली.
मी आकडा सांगितला, तिने मोजून दिले,
मग परसात गेली, मला थांबवता आलं नाही.
बायको बांगडे साफ करत होती, हात थिजले तिचे.
कोयंडेबाईंनी दगडाच्या काठाखाली बोटं घातली,
अक्षरं चाचपली असावीत.
"ह्येच्यार सुरी बरी चलता?"
बायको म्हणाली, "चलता."
"मग पालथोच ऱ्हवांदे."
चहाला थांबली नाही.

काल कंत्राटदाराचा फोन आला. जेटी तीच,
मजकूर तोच, नाव नवं, आठ अक्षरी.
म्हणाला, तो जुना दगड असेल ना,
मागची बाजू कोरीच आहे, त्यावरच काढ, निम्मे देतो.

सांगतो म्हटलं.
सकाळपासून छिन्नीला धार लावतोय.
बायको दोनदा येऊन विचारून गेली,
आज मासे कशावर कापू.